गाठ कडक आहे, पुढे काय?

तुळजाभवानीचा हा धाराशिव जिल्हा मागास म्हणून ओळखला जातो, पण कर्करोगाच्या अभ्यासात तो मागे नाही. भूम आणि परंडा हे आपले तालुके बार्शीसह १९८७पासून देशातल्या पहिल्या ग्रामीण कर्करोग नोंदणीत आहेत. आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी एकदाच केलेली एचपीव्ही चाचणी मृत्यू जवळपास निम्म्यावर आणू शकते, हे जगाला २००९ साली कळले ते इथल्या ५२ गावसमूहांतल्या १,३१,७४६ स्त्रियांमुळे. पुराव्याची अशी परंपरा असलेल्या जिल्ह्यात, या परिषदेत यकृतातल्या गाठींची चर्चा होताना मला एकच आग्रह धरायचा आहे: इलॅस्टोग्राफीचा, म्हणजे ऊतीचा कडकपणा मोजणाऱ्या सोनोग्राफीचा, आकडा ही चाळणी आहे, त्याला निकाल समजू नये.

या तंत्रामागचा विचार मोठा देखणा आहे. सोनोग्राफीचा ध्वनी शरीरातून सेकंदाला सुमारे १५४० मीटर धावतो; त्याच यंत्राने ऊतीला सूक्ष्म धक्का दिला की उठणारी आडवी लहर मात्र सेकंदाला मोजके एकदोन मीटर सरकते, आणि ऊती जितकी कडक तितकी ती वेगवान. सुई नाही, किरणोत्सर्ग नाही. कर्करोगाच्या गाठी सरासरीने अधिक कडक भरतात, रक्तवाहिन्यांची निरुपद्रवी गाठ, म्हणजे हिमँजिओमा, बहुधा मऊ. पण सरासरी रुग्णाला लागू पडेलच असे नाही. फोकल नोड्युलर हायपरप्लासिया ही साधी गाठ मधल्या व्रणामुळे चांगलीच कडक लागते. उलट यकृताचा प्राथमिक कर्करोग कधी मऊही असतो. शिवाय गाठ खोल असेल, डाव्या भागात हृदयाच्या ठोक्यांनी हलत असेल किंवा पोटात पाणी असेल, तर आकडाच डळमळतो.

मग हे यंत्र कशाला, थेट सीटी किंवा एमआरआय का नको, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. गाठीचे स्वरूप ठरवण्यात कॉन्ट्रास्ट देऊन केलेली अशी तपासणीच सरस. परंतु उमरग्याच्या किंवा वाशीच्या रुग्णासाठी तिचा अर्थ प्रवास, बुडालेली मजुरी आणि सोबतीला आलेल्या माणसाचा खाडा असा होतो, म्हणून आधी कोणाला पाठवायचे हे ठरवावे लागते. इथे मला गाठीपेक्षा तिच्या भोवतालचे यकृत अधिक बोलके वाटते. ते ताठर, सिरोसिसकडे झुकलेले निघाले, तर छोट्या गाठीलाही साधी म्हणण्याचा धोका घेऊ नये, तिची लहर मंद असली तरी. दुसरा आक्षेप उलट बाजूचा: आकडा कमी आला की डॉक्टर निर्धास्त होतील. ही भीती मला खरी वाटते. म्हणूनच उपाशीपोटी तपासणी, श्वास रोखून पुरेशी मोजमापे आणि त्यांच्यातला फरक, हे सारे रिपोर्टवर यावे. नुसता किलोपास्कलचा आकडा नको. एका कंपनीच्या यंत्रावर ठरलेली कडकपणाची सीमा दुसऱ्यावर चालत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

आपल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाने आणि तालुक्यांच्या रुग्णालयांनी मिळून प्रत्येक गाठीचा कडकपणा, भोवतालच्या यकृताचा ताठरपणा आणि अंतिम निदान एकाच वहीत नोंदवावे, हे मी या परिषदेपुढे मांडतो. त्या वहीत कोणते रकाने असावेत, हे आजच्या दुपारच्या सत्रात ठरावे.