मुक्या माराची दखल : स्वागताध्यक्षांचे भाषण

बालकांच्या डोक्याला होणाऱ्या इजा या एकाच विषयासाठी बालरोगतज्ज्ञ, न्यूरोसर्जन, परिचारिका, शिक्षक, आशा सेविका आणि १०८ रुग्णवाहिकेवरील कर्मचारी या परिषदेत एकत्र आले आहेत. असे विषय नागपूर-मुंबईच्या सभागृहांत चर्चिले जाण्याची रीत असताना ही परिषद वाशीम जिल्ह्यातील, कारंजा तालुक्यातील धनज या कापूस-सोयाबीनच्या गावी भरावी, असा आग्रह स्वागत समितीने धरला, याचे कारण साधे आहे. डोक्याचे ऑपरेशन शहरात होत असले, तरी ते वेळेत होणार की नाही, हे गावातल्या ओसरीवर ठरते.

मराठीत ‘मुका मार’ हा एक विलक्षण नेमका शब्द आहे. ज्या मारात कातडी फाटत नाही, रक्त दिसत नाही, पण आत इजा झालेली असते, तो मुका मार. कपाळ फुटलेल्या मुलाला घेऊन घरची माणसे तात्काळ धावतात, जखमेत हळद भरतात, मिळेल त्या गाडीने दवाखाना गाठतात. पण कानाच्या वर नुसते मऊ टेंगूळ आलेले मूल रडून थांबले, पाणी प्याले आणि पुन्हा खेळू लागले की ‘काही नाही झालं’ असा निर्वाळा दिला जातो, आणि नेमका तिथेच घात होण्याची शक्यता असते. कानाच्या वरचे, कानशिलाकडील हाड पातळ असून त्याच्या आतल्या बाजूने मेंदूच्या आवरणाला रक्त पुरवणारी रोहिणी जाते. हाडाला तडा जाऊन ती फाटली, तर कवटी आणि आवरण यांच्यामध्ये रक्त साचत जाते. असे मूल काही काळ अगदी नेहमीसारखे वागू शकते, नंतर डोके दुखते म्हणते, वारंवार ओकते, गुंगीत जाते. वैद्यकात या मधल्या काळाला शुद्धीचा अवकाश म्हणतात. घरात मात्र त्या ओकारीला पित्त म्हटले जाते आणि गुंगीला दिवसभराच्या खेळाचा थकवा.

मुलाचे डोके म्हणजे मोठ्या माणसाच्या डोक्याची लहान प्रतिकृती नव्हे. जन्माच्या वेळी ते शरीराच्या लांबीच्या सुमारे एक चतुर्थांश असते, प्रौढपणी एक अष्टमांश उरते; मान कोवळी आणि वरचा भार जास्त, म्हणून लहान मूल पडते ते बहुधा डोक्यावरच. पुढची टाळू साधारण दीड वर्षापर्यंत भरून येते, तोवर तान्ह्या बाळाची टाळू फुगलेली व ताठ लागणे ही आतला दाब वाढल्याची खूण ठरू शकते, आणि ही खूण रोज टाळूवर तेल घालणाऱ्या आजीच्या बोटांना डॉक्टरांच्या आधी कळू शकते.

इकडची मुले पडतात ती कठडा नसलेल्या धाब्यावरून, संक्रांतीच्या पतंगामागे धावताना किंवा उन्हाळ्यात वर झोपलेली असताना, ट्रॅक्टरच्या मडगार्डवरून, आणि मोटारसायकलच्या टाकीवरून, जिथे वडिलांच्या दोन हातांमध्ये, हँडल घट्ट धरून, उघड्या डोक्याने बसलेले मूल हे दर बाजारच्या दिवशी दिसणारे चित्र आहे. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने चार वर्षांवरील प्रत्येकाला हेल्मेट बंधनकारक केले, आणि नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलांसाठी हेल्मेट, चालकाशी बांधून ठेवणारा पट्टा व ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा हा नियम १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू झाला. तरीही मुलाच्या मापाचे हेल्मेट तालुक्याच्या दुकानात सहज मिळत नसेल, तर नुसत्या दंडाने हे चित्र बदलणार नाही, असे समितीचे स्पष्ट मत आहे.

शुद्धीचे मोजमाप हा या परिषदेतील मुख्य धागा आहे. ग्लासगो येथील टीसडेल आणि जेनेट यांनी १९७४ मध्ये मांडलेली मोजपट्टी डोळे उघडणे, बोलणे आणि हालचाल यांना गुण देते. पूर्ण शुद्धीला १५, सर्वांत खालावलेल्या अवस्थेला ३, आणि ८ किंवा त्याखालचा आकडा म्हणजे गंभीर इजा. बोलता न येणाऱ्या बाळासाठी रडणे व शांत होणे यांवरून ते गुण ठरतात. दर थोड्या वेळाने लिहून ठेवलेला हा आकडा मुलासोबत अकोला, अमरावती किंवा नागपूरला पोहोचला, तर तेथील डॉक्टरांना मूल सुधारत आहे की ढासळत आहे, हे एका नजरेत कळते. दुसरीकडे, प्रत्येक टेंगळासाठी सीटी स्कॅन काढण्याचीही गरज नसते, कारण त्या किरणांचा धोका वाढत्या शरीराला अधिक असतो. अमेरिकेतील २५ केंद्रांत डोक्याला मार लागलेल्या पण जवळपास पूर्ण शुद्धीत असलेल्या ४२ हजारांहून अधिक मुलांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात मेंदूची महत्त्वाची इजा शंभरात एकापेक्षाही कमी मुलांना आढळली. बाकीच्यांना हवी असते ती डोळस देखरेख.

ही देखरेख आईच करणार असते, आणि म्हणूनच दवाखान्यात तिला ‘लक्ष कुठे होतं तुमचं?’ असे सर्वांदेखत विचारले जाणे थांबले पाहिजे. एकदा अपमान झालेली आई पुढच्या वेळी ‘सकाळपासून असाच मलूल आहे’ एवढेच सांगते, पडल्याचे सांगत नाही, आणि त्या लपवलेल्या एका वाक्यापायी निदान चुकू शकते. बेशुद्ध मुलाच्या तोंडात पाणी घालू नये, झटका आल्यास चप्पल हुंगवू नये, कुशीवर वळवावे, मान न मुरगळता उचलावे, १०८ ला फोन करावा, नाकाकानातून पाण्यासारखा द्रव आला तर तो सर्दीचा समजू नये. हे सारे रागावून नव्हे, समजावून सांगण्याजोगे आहे.

वाशीमचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४ मध्ये सुरू झाले, त्यामुळे जिल्ह्यातील पुढच्या पिढीचे डॉक्टर इथेच घडू लागले आहेत. त्यांना आणि येथे जमलेल्या सर्व चिकित्सकांना स्वागत समितीची एकच विनंती आहे : डोक्याला मार लागलेले मूल घरी पाठवताना कोणत्या खुणा दिसल्या तर मध्यरात्रीसुद्धा परत आणायचे, हे मराठीत, मोठ्या अक्षरांत, एका कागदावर लिहून आईच्या हाती द्यावे, आणि तिला वाचता येत नसेल तर वाचून दाखवावे.