पंगतीबाहेरचा पेशवेपुत्र

ठाणे-बेलापूर रस्त्यावर आमचं पावणे गाव. भाताची खाचरं गेली, कारखाने आले. पण शाळेतला फळा तसाच काळा आहे. त्या फळ्यावर मी एकदा पेशव्यांची वंशावळ काढली. थोरल्या बाजीरावांच्या खाली नानासाहेब आणि राघोबादादा अशी नावं लिहिली. मागच्या बाकावरून आवाज आला, "गुरुजी, मस्तानीचा मुलगा कुठाय?"

मी त्याचं नाव गाळलं होतं. मुद्दाम नव्हे, सवयीनं. आज त्याचीच हकीकत सांगतो.

१७२९ साली बाजीराव बुंदेलखंडात छत्रसालाच्या मदतीला धावून गेले. पुढे छत्रसालाची कन्या मस्तानी पुण्यास आली. १७३४ साली तिला मुलगा झाला, तोच समशेरबहाद्दर. त्याची मुंज करावी असं बाजीरावांच्या मनात होतं, पण ब्रह्मवृंदानं नकार दिला, असं सांगतात. पोराचा अपराध काय? जन्म!

२८ एप्रिल १७४० रोजी नर्मदाकाठी रावेरखेडीला बाजीराव वारले. पाठोपाठ मस्तानीही गेली. तिची कबर पाबळला आहे. सहा वर्षांचं पोर उघडं पडलं. पण पाहा, घरानं त्याला टाकलं नाही. काशीबाईंनी त्याला सांभाळलं, नानासाहेबांनी सरदारकी दिली. जानवं मिळालं नाही, तलवार मात्र मिळाली.

असंच एक उदाहरण दूर हॉलंड देशातलं आहे. तिथल्या स्वातंत्र्ययुद्धाचा नेता ऑरेंजचा विल्यम. त्याचा अनौरस मुलगा युस्टिनस. बापानं त्याला आपल्या इतर मुलांबरोबरच वाढवलं. १५८५ साली तो झीलंड प्रांताच्या आरमाराचा प्रमुख झाला आणि पुढे ब्रेडा शहराचा किल्लेदार. १६२५ साली, नऊ महिन्यांहून अधिक वेढा सोसून, त्यानं स्पेनच्या सेनापतीच्या हाती शहराची किल्ली दिली. वेलास्केथ या चित्रकारानं तो प्रसंग रंगवला आहे. हरलेला असूनही युस्टिनस त्या चित्राच्या मधोमध उभा आहे.

आमच्या समशेरचं असं चित्र फळ्यावरसुद्धा नव्हतं!

१४ जानेवारी १७६१. पानिपत. सदाशिवरावभाऊ आणि विश्वासराव यांच्याबरोबर समशेरही त्या रणात होता. जखमी होऊन तो सूरजमल जाटाच्या मुलखात डीगला पोचला. सूरजमलानं औषधपाणी केलं, पण उपयोग झाला नाही. वय अवघं सत्तावीसच्या आसपास. ज्या दौलतीच्या पंगतीत त्याला पाट नव्हता, तिच्यासाठी त्यानं देह ठेवला.

त्याचा मुलगा अलीबहाद्दर. यानं बुंदेलखंडात जम बसवला आणि १८०२ साली कालिंजरच्या वेढ्यात तो मरण पावला. त्याच वंशातले बांद्याचे नवाब १८५७ साली इंग्रजांविरुद्ध उठले, आणि गादीला मुकले.

शिक्षकबंधूंनो, आणि गावोगावच्या वडीलधाऱ्यांनो, हजेरीपटावर बापाच्या नावाची जागा कोरी असलेलं एखादं मूल आपल्याही गावात असतं. चावडीवर त्याला काय काय म्हणतात, ते मी इथं उच्चारत नाही. आईबापांचा हिशेब लेकराच्या नावावर मांडू नका. काशीबाईंनी मांडला नाही. त्यांना तर मांडायला कारण होतं.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर बाजीरावांच्या खाली आणखी एक रेघ ओढली आणि नाव लिहिलं. तुटक रेघ नव्हे. इतरांसारखीच, सरळ.