राहून गेलेला खटका



कुकरला तुरीची डाळ लावताना आपण झाकणाची रिंग चाचपून बघतो. रिंग ढिली असली की वाफ कडेनं निसटते आणि डाळ कच्ची राहते. विमानाचं दारही असंच घट्ट बसावं लागतं, कारण तिथे कोंडायची असते श्वासाची हवा. 35 हजार फुटांवर बाहेरची हवा इतकी विरळ, की मिनिटभरात माणसाचं भान हरपतं. म्हणून इंजिनातली दाबाची हवा केबिनमध्ये घेतात आणि शेपटाकडच्या झडपेतून बेताबेतानं सोडतात. एवढं करूनही आत हवा असते ती साधारण 8 हजार फुटांवरची, म्हणजे कळसूबाईच्या दीडपट उंचीवरची.

2017 साली उडान योजनेतून नांदेड-हैदराबाद विमान सुरू झालं. आपल्याकडची साधी माणसं आता विमानात बसतात, म्हणून हे सांगावंसं वाटतं.

20 सप्टेंबर 2018 ला मुंबईहून जयपूरला निघालेल्या जेट एअरवेजच्या विमानात 166 प्रवासी होते. इंजिनाची हवा केबिनमध्ये घेणारा खटका वैमानिकांकडून चालू करायचा राहिला. विमान चढत गेलं, मास्क खाली लोंबले, तीसएक जणांच्या नाकाकानांतून रक्त आलं. विमान वेळीच मागे फिरलं आणि सगळे वाचले.

सायप्रसच्या हेलिओस कंपनीचं बोइंग 737 मात्र वाचलं नाही. 14 ऑगस्ट 2005 च्या मध्यरात्रीनंतर ते लंडनहून लार्नाकाला उतरलं, तेव्हा मागच्या उजव्या दाराबद्दल तक्रार होती: सील गोठतं, आवाज येतो. विमान जमिनीवर उभं असतानाच आत हवा भरून गळती तपासली गेली. त्यासाठी दाबाचा खटका ऑटोवरून मॅन्युअलवर न्यावा लागतो. चौकशी अहवाल सांगतो, की तपासणीनंतर तो परत ऑटोवर आणला गेला नाही.

सकाळी अथेन्सला निघालेल्या वैमानिकांनी तपासणीच्या याद्या वाचल्या, तरी तो नजरेतून सुटला. मॅन्युअल दाखवणारा दिवाही लागलेला होता, पण हिरवा. हिरवं दिसलं की आपण सगळेच पुढे जातो. 12 हजार फुटांवर, केबिनमधली हवा विरळ झाल्याचा इशारा देणारा भोंगा वाजला. जमिनीवर उड्डाणाची तयारी अपुरी असेल तर वाजतो, अगदी तोच आवाज. वैमानिकांनी तसाच अर्थ लावला, आणि थोड्याच वेळात त्यांची शुद्ध हरपली. विमान आपलं आपण अथेन्सकडे उडत राहिलं. ग्रीसच्या लढाऊ विमानांच्या वैमानिकांना शेवटी एक माणूस कॉकपिटमध्ये शिरताना दिसला. तो होता केबिन कर्मचारी आंद्रेआस प्रोद्रोमू. जवळच्या प्राणवायूच्या सिलिंडरवर तो शुद्धीत राहिला होता. पण तोवर इंधन संपत आलं होतं. ग्रामाटिकोजवळच्या डोंगरात 121 जण गेले.

मी आयटीआयमध्ये मोटार दुरुस्ती शिकवतो. दार तपासणाऱ्यावर सगळा दोष टाकायला माझं मन धजत नाही. गळती शोधायचं काम झालं होतं. विमान होतं तसं करून देणं, हे दुसरं काम राहिलं. आमच्या वर्गातही नेमकं हेच राहतं. ब्रेकची हवा काढली जाते आणि निपल ढिला राहतो. म्हणून पाना हातात घेण्याआधी काय काय सोडणार आहोत, हे मुलं खडूनं फळ्यावर लिहितात. गाडी बाहेर काढताना त्यातली एकेक ओळ, ज्यानं काम केलं नाही असा मुलगा गाडीपाशी वाकून बघतो आणि मगच पुसतो.

हेलिओसनंतर 737 मध्ये भोंग्याच्या त्या दोन इशाऱ्यांसाठी दोन वेगळे दिवे बसवले गेले. भोंग्याचा आवाज ऐकून आता वैमानिकाला अर्थ शोधत बसावं लागत नाही.