कॅप्टन हवासिंग : भिवानीचे वस्ताद

(जीर्णोद्धार सोहळ्यानिमित्त मंदिराच्या सभामंडपात झालेले व्याख्यान)



देवळाच्या मंडपात एका मुष्टियोद्ध्याचे स्मरण कशासाठी, असे कोणाच्या मनात आले तर ते साहजिक आहे. परंतु आपल्या मुलखात देऊळ आणि तालीम यांची फारकत कधी झालीच नाही. लाल मातीचा हौदा, शेजारच्या कोनाड्यात शेंदूर लावलेला मारुती, आणि जोर मारण्याआधी त्याच्यापुढे हात जोडून उभा राहिलेला पोरगा, हे चित्र आपल्यापैकी पुष्कळांच्या लहानपणीचे आहे. शिवाय ज्यांच्याविषयी आज बोलायचे, ते कॅप्टन हवासिंग ज्या भिवानी शहरात वस्ताद म्हणून राहिले, त्या शहराला तेथील असंख्य देवळांमुळे ‘छोटी काशी’ म्हणतात. हरयाणातील हे शहर राजस्थानच्या वाळूच्या अंगाला आहे. देवळांचे म्हणून प्रसिद्ध असलेले हे ठिकाण पुढे मुष्टियोद्ध्यांचे म्हणून देशभर गाजले. ते कसे, हे ऐकण्यासारखे आहे.

हवासिंग यांचा जन्म १६ डिसेंबर १९३७ रोजी, भिवानीच्या बाजूच्या उमरवास या खेड्यात झाला. मुलूख कोरडवाहू, पावसाच्या भरवशावरची बाजरी. अशा मुलखातला मुलगा अंगापिंडाने दांडगा निघाला की फौजेत भरती होतो. हे साताऱ्याकडच्या लोकांना समजावून सांगण्याची गरज नाही. तेथील एका गावाचे नावच ‘अपशिंगे मिलिटरी’ असे पडले आहे. १९५६ साली हवासिंग सैन्यात दाखल झाले, आणि हातात ग्लोव्ह्ज आले ते तेथेच. १९६० मध्ये ते पश्चिम कमांडचे विजेते ठरले. १९६१ ते १९७२ अशी सलग अकरा वर्षे हेवीवेट गटातील राष्ट्रीय अजिंक्यपद त्यांच्याकडे राहिले. कुस्तीच्या फडात एखादा मल्ल दोन हंगाम टिकला तरी आपण त्याचे कौतुक करतो. येथे अकरा वर्षे!

हेवीवेट म्हणजे त्या काळी ८१ किलोच्या वरचा गट. त्याला वरची मर्यादा नाही. समोर शंभर किलोचा गडी आला तरी तक्रार चालत नाही. तीन मिनिटांची एक, अशा तीन फेऱ्या. ऐकायला नऊच मिनिटे, पण ज्याने एकदा तरी दम टिकवून लढत दिली आहे त्याला त्या नऊ मिनिटांची लांबी ठाऊक असते.

१९६५ सालच्या सप्टेंबरातले युद्ध येथील जुन्या मंडळींना आठवत असेल. रात्री दिवे मालवायचे, आणि रेडिओभोवती सारी आळी जमायची. त्यानंतर सव्वा वर्षाने, डिसेंबर १९६६ मध्ये, बँकॉकला आशियाई क्रीडा स्पर्धा भरल्या. हेवीवेटची अंतिम लढत कोणात, तर भारत आणि पाकिस्तान यांच्यात. भारताच्या बाजूने रिंगणात उतरला तो भारतीय सेनेचा जवान हवासिंग. सीमेवर जे झाले त्याची आठवण दोन्ही देशांत ताजी होती. पण रिंगणात पंच असतो, नियम असतात, आणि घंटा वाजली की दोघांनी थांबायचे असते. ती लढत हवासिंग यांनी जिंकली, सुवर्णपदक मिळाले, आणि त्याच वर्षीचा अर्जुन पुरस्कारही त्यांना लाभला. चार वर्षांनी, १९७० मध्ये, पुन्हा बँकॉकच, आणि पुन्हा सुवर्णपदक. मुष्टियुद्धातील भारताचे पहिले आशियाई सुवर्ण १९६२ साली जकार्त्याला पद्मबहादूर मल्ल यांनी मिळविले होते, तेही फौजेतलेच. परंतु लागोपाठ दोन स्पर्धांत सुवर्ण मिळविण्याचा मान हवासिंग यांचा. १९६२, १९६५ आणि १९७१ ही तिन्ही युद्धे झाली, त्या काळात अंगावर लष्करी गणवेश असलेला हा माणूस, आणि मधल्या शांततेच्या वर्षांत देशासाठी रिंगणात उभा राहणाराही तोच.

एवढ्यावर त्यांची गोष्ट संपली असती तरी कोणी नावे ठेवली नसती. पेन्शन, मिशा आणि पारावरच्या आठवणी. पुष्कळ जुन्या पैलवानांचे आयुष्य असेच सरते, आणि त्यात त्यांचा काही दोषही नसतो. हवासिंग मात्र फौज सोडल्यावर आपल्याच मुलखात भिवानीला आले, आणि भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या केंद्रात शेतकऱ्यांच्या व सैनिकांच्या पोरांना मुष्टियुद्ध शिकवू लागले. राजकुमार सांगवान यांच्यासारखे देशाकडून लढलेले मुष्टियोद्धे तेथे घडले.

शिकवणे म्हणजे काय, याचा थोडा विचार करावा. ठोसा हातातून निघतो असे बघणाऱ्याला वाटते. तो निघतो टाचेतून, कमरेतून, खांद्यातून. नवख्या पोराला महिनोन्‌महिने नुसते पाय कसे टाकायचे आणि हनुवटी कशी झाकायची हेच घोटवावे लागते. दोरीवरच्या उड्या, वाळूच्या पिशवीवर ठोसे, पुन्हा दोरी. पोरगा कंटाळतो, घरचे म्हणतात कामाला ये, आणि या सगळ्यातून त्याला टिकवून धरायचे काम वस्तादाचे. पदक मिळते तेव्हा छायाचित्रात वस्ताद बहुधा कडेला असतो. देवळाला दिलेल्या देणगीची पाटी भिंतीवर लागते, आणि लागावीच. पण ज्याने पहाटे पाचला तालमीचे दार उघडले त्याची पाटी आपण कोठे लावतो, हा प्रश्न आजच्या दिवशी विचारला तर देणगीदार मंडळी रागावणार नाहीत.

सरकारने १९९९ सालचा द्रोणाचार्य पुरस्कार हवासिंग यांना जाहीर केला. समारंभ ऑगस्ट २००० मध्ये व्हायचा होता. त्याच्या पंधरा दिवस आधी, १४ ऑगस्टला, भिवानीतच त्यांचे अकस्मात निधन झाले. पुरस्कार घ्यायला त्यांच्या पत्नी गेल्या. फौजी माणसाची बायको अर्धे आयुष्य टपालाची वाट पाहण्यात काढते; नंतरचे आयुष्य तालमीतल्या पोरांनी वाटून घेतले. ज्या दिवशी दोघांनी मिळून जायचे, त्या दिवशी त्या माउलीला एकटीने जावे लागले.

योगायोग असा, की गोळेश्वरचे खाशाबा जाधव गेले तेही १४ ऑगस्टलाच, १९८४ साली. हेलसिंकीला १९५२ मध्ये देशाला पदक मिळवून देणाऱ्या त्या मल्लाला अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. सन्मानाला उशीर करण्याची आपली ही सवय जुनी आहे.

हवासिंग गेले, पण भिवानीत लागलेले वळण मोडले नाही. जगदीशसिंग यांनी २००३ मध्ये तेथे बॉक्सिंग क्लब काढला. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकला भारताचे पाच मुष्टियोद्धे गेले, त्यांपैकी चार भिवानीचे : अखिलकुमार, जितेंदरकुमार, दिनेशकुमार आणि विजेंदरसिंग. विजेंदरने कांस्यपदक आणले. मुष्टियुद्धात भारताला मिळालेले ते पहिले ऑलिंपिक पदक. तोपर्यंत हवासिंग यांना जाऊन आठ वर्षे झाली होती.

घरातही तो वसा चालला. त्यांचे चिरंजीव संजय हे स्वतः मुष्टियोद्धे आणि पुढे प्रशिक्षक झाले. त्यांची कन्या नुपूर आजोबांप्रमाणेच सर्वांत वजनदार गटात उतरली. २०२५ च्या सप्टेंबरात इंग्लंडमधील लिव्हरपूल येथे जागतिक स्पर्धा झाली. तेथे ८० किलोवरील महिलांच्या गटात रौप्यपदक स्वीकारायला हवासिंग यांची नात उभी राहिली.