बसून करता येणारं काम
(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



‘सेवा’ या विषयावर बोल, असं मला सांगितलं गेलं. मी फिजिओथेरपिस्ट. लोकांचे हातपाय हलवायचे आणि त्यांची बोलणी खायची, हा माझा धंदा. तेव्हा मी भाषण देत नाही, एका डॉक्टरबाईंची हकिगत सांगते. त्यांना मी कधी भेटले नाही. माझा दादा त्यांच्यामुळे आज समोर बसला आहे, एवढंच आमचं नातं.

दादाला तुमच्यापैकी बरेच जण ओळखतात. आपल्या पुढे दोन वर्षं होता, कबड्डीच्या संघात. १९८७ साली चिंचा पाडताना तो झाडावरून पडला. कमरेखालचं शरीर गेलं. ज्या दवाखान्यात नेलं तिथे तो सहा आठवडे एकाच कुशीवर पडून होता. पाठीला तळहाताएवढी जखम झाली, आणि त्याला ती कळलीही नाही, कारण तिथे संवेदनाच नव्हती. भेटायला येणारे आईला विचारायचे, कोणाचं पाप भोवलं म्हणायचं? यात आमचे ख्रिस्ती नातेवाईकही मागे नव्हते. शेवटी पाळकसाहेबांनी आमच्या ओट्यावर बसून योहानाच्या शुभवर्तमानातला नववा अध्याय वाचला. जन्मांध माणसाला पाहून शिष्य प्रभू येशूला नेमका हाच प्रश्न विचारतात, आणि प्रभू सांगतो की पाप याचंही नाही आणि याच्या आईबापांचंही नाही. त्या दिवसापासून आईने दारातल्या चौकशा बंद केल्या. पाळकसाहेबांनीच वेल्लोरचं नाव सुचवलं.

वेल्लोरला, गावाबाहेर बागायममध्ये, पाठीच्या कण्याला इजा झालेल्यांसाठी पुनर्वसन केंद्र आहे. ते १९६६ साली उघडलं. ते ज्यांनी उभं केलं त्या डॉ. मेरी व्हर्गीस, कोचीनजवळच्या सीरियन ख्रिस्ती घराण्यातल्या. जन्म १९२५ चा. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातच त्या डॉक्टर झाल्या. १९५४ च्या जानेवारीत सहकाऱ्यांबरोबर सहलीला निघाल्या असताना गाडीला अपघात झाला. चेहऱ्यावर कायमचे व्रण राहिले आणि दोन्ही पाय गेले. वय २९ सुद्धा नव्हतं.

आता इथे मी थोडी रेंगाळते, कारण मला यातलं थोडं कळतं.

त्याच कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड होते. कुष्ठरोगात हाताच्या नसा मरतात, बोटं पंजासारखी वाकून बसतात. हाताचा जो स्नायू अजून जिवंत आहे, त्याची दोरी काढून वाकलेल्या बोटांकडे वळवायची, अशा शस्त्रक्रिया ते करत. पुढे कित्येक आठवडे व्यायाम द्यायचा, म्हणजे मेंदूला नवी वाट शिकवायची. डॉ. ब्रँडनी मेरीबाईंपुढे प्रस्ताव ठेवला, की तुम्ही हे शिका. हाताची शस्त्रक्रिया सर्जन बसूनच करतो! टेबलाशी स्टूल काय आणि चाकाची खुर्ची काय, दोन्ही सारखीच.

मला या प्रस्तावाचं फार कौतुक वाटतं. दया नाही, उपदेश नाही. ‘बसून करता येणारं काम’ कोणतं, याचा साधा विचार.

आणि त्या बसल्या. समोरच्या रुग्णाच्या हाताला संवेदना नाही; गरम भांडं धरलं तर कातडी भाजते आणि त्याला पत्ता लागत नाही. बोटं रोगाने झडतात असं आपण शाळेत समजायचो. ती झडत नाहीत, न कळलेल्या जखमांनी आणि भाजण्याने झिजतात, हे ब्रँडसाहेबांनी दाखवून दिलं. आणि ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरच्या कमरेखालीही तीच गत. थोड्या थोड्या वेळाने हातांवर जोर देऊन अंग उचललं नाही, तर दादासारखी जखम. ज्यांना समाजाने गावाबाहेर ठेवलं होतं, त्या माणसांना आपल्यासारखंच एक अर्धं बधिर शरीर हातमोजे घालून समोर बसलेलं दिसलं. त्यांना काय वाटलं असेल, याचा मी अनेकदा विचार करते.

पुढे त्या ऑस्ट्रेलियात पर्थला गेल्या आणि खुर्चीतून एकटीने जगायला शिकल्या. मग न्यूयॉर्कला डॉ. हॉवर्ड रस्क यांच्या संस्थेत पुनर्वसनाचं शास्त्र शिकून परत आल्या. १९७२ ला पद्मश्री मिळाली, १९८६ ला वारल्या. आम्ही पोचलो तेव्हा त्या नव्हत्या.

श्रद्धेबद्दल बोल, असं काहींनी सुचवलं. मी ख्रिस्ती आहे, रोज प्रार्थना करते. पण दादा पडला तेव्हा मी वर्षभर देवाशी बोलले नव्हते, हे इथे कबूल करते. श्रद्धा असली की दुःख हलकं होतं, असं माझ्या पाहण्यात नाही. वेल्लोरच्या त्या वॉर्डात मी एवढंच पाहिलं, की सकाळी प्रार्थना व्हायची आणि लगेच सगळे आरशापुढे बसून आपापली पाठ तपासायचे. दोन्ही गोष्टी तितक्याच नेमाने. ते पाहून मी फिजिओथेरपी शिकायचं ठरवलं. दादा परत येऊन रेडिओ-टीव्ही दुरुस्त करू लागला. आपल्यापैकी निम्म्या लोकांच्या लग्नातला टेपरेकॉर्डर त्याच्या हातून गेलेला आहे. गेली अनेक वर्षं पंचक्रोशीत कोणी झाडावरून, विहिरीत पडलं की त्याच्या घरी दादा पहिला जातो. सोबत हातआरसा नेतो.

आता मुद्द्याचं. आज या हॉलमध्ये दादाला चार जणांनी खुर्चीसकट उचलून आणलं. उचलणाऱ्यांचे आभार, पण त्याला ते आवडत नाही, तो बोलणार नाही म्हणून मी बोलते. आपल्या शाळेला पुढे चार पायऱ्या आहेत, प्रत्येकी सहा इंच, म्हणजे दोन फूट चढ. एका फुटाला बारा फूट या हिशेबाने चोवीस फूट लांबीचा उतार लागेल. डाव्या बाजूला, पाण्याच्या टाकीपर्यंत तेवढी जागा आहे. मी काल संध्याकाळी टेप घेऊन मोजली. मेळाव्याच्या निधीत जे उरेल त्यातून हे काम व्हावं, आणि कठड्याची उंची दादाला विचारून ठरवावी.