वहिवाट इथं, गट तिथं
(लोणावळ्यातल्या युवक बैठकीतलं भाषण)

दोस्तांनो,

घोषणा झाल्या. आता कागदावर बोलू. कारण आपली जमीन लाठीनं गेली त्यापेक्षा जास्त कागदानं गेली.

1947 साली तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा आला. विखुरलेले तुकडे एके ठिकाणी आणायचे, सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर यायचा. ऐकायला गोड! पण बाबासाहेबांनी 1927 सालीच मुंबई कौन्सिलात अशाच बिलाला विरोध केला होता. शेतं मोठी करण्याच्या नावाखाली लहान शेतकरी भूमिहीन होईल, त्यापेक्षा सहकारी शेती करा, असं त्यांचं म्हणणं होतं.

आपल्या मावळात भाताचं खाचर वेगळं, वरकस माळ वेगळा. एकराला एकर म्हणून ते सारखे होतात का?

1958 च्या कायद्यानं वतनं गेली. माझ्या आज्यानं रक्कम भरली, महारकीची जमीन नवीन शर्तीवर परत मिळाली. मग एकत्रीकरण आलं. आज्याचा नांगर ओढ्याकाठच्या खाचरातच राहिला, नकाशात त्याचा गट पडला डोंगराच्या कडेला. आराखड्यावर हरकत घ्यायला 30 दिवस असतात. कागद चावडीवर, आमची माणसं गिरणीत नि रेल्वेत. वाचणार कोण?

पुढं द्रुतगती मार्ग झाला, बंगल्यांचे प्लॉट पडले, आणि शेजाऱ्याला एकदम नकाशा आठवला. आम्ही दुरुस्ती मागायला गेलो तर साहेब म्हणाला, "मुदत गेली."

हे नीट समजून घ्या. योजनेतली चूक दुरुस्त करायची सोय कलम 32 मध्ये आहे. तिथं मुदत लिहिलेली नाही. पण 2001 साली मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं की ही दुरुस्ती वाजवी मुदतीतच, म्हणजे सुमारे तीन वर्षांत व्हावी. अधिकाऱ्यानं ठरवायच्या प्रश्नात दिवाणी कोर्टाला कलम 36अ आडवं येतं. म्हणजे जो तेव्हा अडाणी ठेवला गेला, त्याचीच वाट बंद!

पण हे हत्यार दुधारी आहे. तीस-चाळीस वर्षांनी कुणी पैसेवाला तुमचा गट हलवायला दुरुस्तीचा अर्ज टाकतो, तेव्हा तोच निकाल त्याच्या तोंडावर मारा. नोटीस आली की हजर राहा, लेखी हरकत द्या, पोच घ्या.

म्हणून प्रत्येक वस्तीत दोघांनी एवढं काम घ्यावं. जुन्या सर्व्हे नंबरचे सात-बारा, फेरफार, एकत्रीकरणाचं पत्रक आणि गट नकाशा यांच्या नकला काढा. वहिवाट कुठं नि गट कुठं, ते म्हाताऱ्यांना घेऊन बांधावर ताडून बघा. नवीन शर्तीची महारकीची जमीन कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. दलाल कुलमुखत्यारपत्र पुढं करील. चुलत्याला, आजीला सांगा, अंगठा नाही!

कविता आपण लिहूच. पण आधी आपला गट नंबर पाठ करा.

जय भीम!