आधी दही लागू द्या



१९८८ सालची गोष्ट. अमेरिकेत वॉर्नर ब्रदर्सच्या कचेरीत पत्रांचे गठ्ठे येऊन पडू लागले. बॅटमॅनवर मोठा चित्रपट निघणार आणि टिम बर्टन या दिग्दर्शकानं त्यासाठी मायकल कीटनला घेतलंय, एवढीच बातमी बाहेर आली होती. चित्रपटाचा एक तुकडाही कुणी पाहिला नव्हता. तरीही निषेधाची सुमारे ५० हजार पत्रं आली, असा आकडा आजवर सांगितला जातो. कीटन म्हणजे ‘मिस्टर मॉम’ आणि ‘बीटलज्यूस’मधला विनोदी नट. अंगापिंडानं बेताचा, चित्रकथेतल्या ब्रूस वेनसारखी चौकोनी हनुवटीही नाही. १९६६च्या दूरदर्शन मालिकेत बॅटमॅनची थट्टाच झाली होती, ती पुन्हा होणार अशी चाहत्यांना धास्ती वाटली. धास्ती खोटी म्हणता येणार नाही. दोनच वर्षांपूर्वी फ्रँक मिलरची ‘द डार्क नाइट रिटर्न्स’ ही चित्रकथा आली होती आणि ती वाचलेल्यांना आपला बॅटमॅन गंभीर, काळोखा असाच हवा होता.

जून १९८९मध्ये चित्रपट लागला. जगभरात त्यानं ४० कोटी डॉलरांहून जास्त कमाई केली. २०२३मध्ये ‘द फ्लॅश’ आला तेव्हा सत्तरी गाठलेल्या याच कीटनला पुन्हा बॅटमॅनचा पोशाख चढवला गेला आणि जाहिरातींत त्यालाच पुढे केलं गेलं.

सांगायचं आहे ते एवढंच, आणि वेळ थोडा असला तरी ते आज दोन-तीनदा सांगावं लागणार आहे. नाव ऐकून निकाल देऊ नये, काम पाहून द्यावा.

रात्री दुधाला विरजण लावलं की घरातलं जाणतं माणूस पातेलं एका कोपऱ्यात ठेवतं आणि बजावतं, कुणी हात लावू नका. पण घरात एखादा असतोच. तासातासानं झाकण उचलतो, पातेलं तिरकं करून बघतो, बोट घालून चव घेतो आणि ‘हे काही लागत नाही’ म्हणून मोकळा होतो. सकाळी पाणी सुटलेलं, अधमुरं दही निघालं की दोष दुधाला. सुपरहिरोंच्या चित्रपटांचे चाहते आज नेमकं हेच करतात. नट जाहीर झाला की झाकण उघड, पोशाखाचं छायाचित्र आलं की उघड, चित्रीकरणाच्या जागेवरून कुणी चोरून टिपलेलं दृश्य आलं की पुन्हा उघड. चित्रपट तयार व्हायला दोन-दोन वर्षं लागतात. तेवढ्यात दहा वेळा निकाल लागलेला असतो.

या विरजणात आणखी एक गोष्ट आहे, ती नीट ऐका. नवं दही जुन्याच दह्याच्या चमच्यानं लागतं. कीटननं मुखवट्यामागच्या बॅटमॅनसाठी वेगळा, खालच्या पट्टीतला आवाज लावला. ब्रूस वेन एका आवाजात बोलतो, बॅटमॅन दुसऱ्या. तो पोशाख इतका ताठ होता की मानही वळवता येत नसे. बंदिस्त जागेचा कीटनला त्रास होई, आणि तीच घुसमट त्यानं भूमिकेत वापरली. पुढे २००५मध्ये ख्रिश्चन बेल आला, त्याचा खरखरीत आवाज गाजला. बेन ॲफ्लेकच्या वेळी तर आवाज बदलायला यंत्रच आलं. चमचा कीटनच्या पातेल्यातला होता. ज्याच्या विरोधात पत्रं लिहिली गेली, त्याचंच काम पुढच्या सगळ्यांना विरजण म्हणून पुरलं.

ॲफ्लेकच्या वेळी तरी लोक शहाणे झाले होते का? ऑगस्ट २०१३मध्ये त्याचं नाव जाहीर झालं आणि इंटरनेटवर हजारोंनी सह्या केल्या, याला काढा म्हणून. २०१६मध्ये चित्रपट आला. चित्रपटावर सडकून टीका झाली, पण ॲफ्लेकचा थकलेला, कडवट बॅटमॅन अनेकांना आवडला. मग २०१९मध्ये रॉबर्ट पॅटिन्सन. पुन्हा सह्या, कारण तो ‘ट्वायलाइट’मधला प्रेमळ पिशाच्च. २०२२मध्ये ‘द बॅटमॅन’ लागला आणि तीन तास लोक त्याच्याकडे बघत बसले.

हीथ लेजरचं उदाहरण तर प्रत्येक चाहत्याला पाठ आहे, तरी त्यातून कुणी काही घेत नाही म्हणून राग येतो. २००६मध्ये जोकर म्हणून त्याचं नाव आलं तेव्हा ‘अ नाइट्स टेल’मधला हा देखणा पोरगा आधीच्या जोकरची, जॅक निकल्सनची, जागा घेणार कसा, असा ओरडा झाला. लेजरनं लंडनच्या एका हॉटेलच्या खोलीत साधारण महिनाभर स्वतःला कोंडून घेतलं. वही लिहिली, आवाज शोधला, हसणं शोधलं. जानेवारी २००८मध्ये, अवघ्या २८ वर्षांचा असताना तो गेला. जुलैमध्ये ‘द डार्क नाइट’ प्रदर्शित झाला, पुढच्या फेब्रुवारीत त्याला मरणोत्तर ऑस्कर मिळालं. ज्यांनी आधी शिव्या दिल्या होत्या त्यांनी पुढे त्याचं चित्र भिंतीवर लावलं. पण त्या शिव्या तो जिवंत असताना दिलेल्या होत्या. हे विसरून चालणार नाही.

ह्यू जॅकमनची कथा वेगळ्या वळणाची. ‘एक्स-मेन’मधल्या वुल्व्हरीनसाठी निवड झाली होती डूग्रे स्कॉटची. ‘मिशन इम्पॉसिबल २’चं काम लांबलं, तो अडकला आणि ‘एक्स-मेन’चं चित्रीकरण सुरू झाल्यावर जॅकमनला बोलावलं गेलं. चित्रकथेतला वुल्व्हरीन पाच फूट तीन इंचांचा, खुजा, केसाळ. जॅकमन सहा फुटांच्या वर. जाणकारांनी मोजपट्टी काढली. २०००मध्ये चित्रपट आला, आणि २०२४च्या ‘डेडपूल अँड वुल्व्हरीन’पर्यंत तो माणूस ती नखं बाहेर काढतोच आहे. उद्या दुसरा वुल्व्हरीन निवडला जाईलच. तो बुटका असेल तर म्हणतील जॅकमनसारखा नाही, उंच असेल तर म्हणतील चित्रकथेसारखा नाही. त्या नटानं करावं तरी काय?

मराठी प्रेक्षकाला यातलं काही नवं नाही. १९७०मध्ये ‘नटसम्राट’ नाटक आलं, डॉ. श्रीराम लागूंचे बेलवलकर लोकांनी डोळ्यांत साठवले. मग त्याच भूमिकेत दत्ता भट आले, सतीश दुभाषी आले, यशवंत दत्त आले. तुलना झाल्या, तावातावानं झाल्या. पण तिकीट काढून, अंक पाहून, मध्यंतरातल्या बटाटेवड्याबरोबर झाल्या. भांडायला कुणाची ना नाही. भांडण प्रयोगानंतर व्हावं, एवढंच मागणं आहे.

सुपरमॅनच्या बाबतीत तर नटालाही श्वास घेऊ दिला नाही. ऑक्टोबर २०२२मध्ये हेन्री कॅव्हिलनं परत येत असल्याचं जाहीर केलं. डिसेंबरमध्ये त्यालाच सांगावं लागलं की येत नाही. चाहते दुखावले, ते समजण्यासारखं आहे. तो निर्णय ज्या तऱ्हेनं झाला ती तऱ्हा चांगली नव्हती. पण तो राग निघाला डेव्हिड कॉरेन्सवेटवर. २०२३मध्ये नवा सुपरमॅन म्हणून त्याचं नाव आलं. २०२४च्या मे महिन्यात दिग्दर्शक जेम्स गन यांनी एक छायाचित्र प्रसिद्ध केलं, सुपरमॅन बसून बूट चढवतोय. कापडाला चुण्या आहेत, लाल चड्डी कशाला, यावर लोक आठवडाभर भांडले. त्या चड्डीमागे कॉरेन्सवेटचाच विचार होता. डोळ्यांतून आग ओकणाऱ्या माणसाची लहान मुलांना भीती वाटू नये, म्हणून सुपरमॅननं मुद्दाम रंगीत, जरा बावळट दिसणारे कपडे घालावेत, असं त्यानं गन यांना सुचवलं. भूमिकेचा इतका सुरेख विचार करणाऱ्या नटाला आपण चुण्यांवरून जोखत होतो. ११ जुलै २०२५ला चित्रपट आला तेव्हा ती चड्डी डोळ्यांना खटकलीही नाही.

ही सवय किती वाढली आहे पाहा. २०१९च्या फेब्रुवारीत, ब्री लार्सनचा ‘कॅप्टन मार्व्हल’ येण्याच्या तोंडावर, रॉटन टोमॅटोज या परीक्षणं गोळा करणाऱ्या संकेतस्थळानं प्रदर्शनापूर्वी शेरे मारण्याची सोयच बंद केली. न पाहिलेल्या चित्रपटावर शेरे! बंद करायची वेळ आली, यातच सगळं आलं.

याची दुसरी बाजूही आहे. नुसत्या नावावर होणारा जल्लोष हासुद्धा निकालच. २७ जुलै २०२४ला सॅन दिएगोच्या कॉमिक-कॉनमध्ये हिरव्या कफनीतली माणसं रंगमंचावर ओळीनं उभी राहिली, त्यातल्या एकानं मुखवटा काढला आणि रॉबर्ट डाउनी ज्युनियर दिसला. आयर्न मॅन आता डॉक्टर डूम होणार. सभागृह दणाणलं. कँग या खलनायकाचं काम करणाऱ्या जोनाथन मेजर्सला मार्व्हलनं काढून टाकल्यामुळे कँगभोवती रचलेली गोष्ट मोडली होती, नवा खलनायक हवाच होता. मग २६ मार्च २०२५ला ‘ॲव्हेंजर्स: डूम्सडे’साठी मार्व्हलनं थेट प्रक्षेपणात एकेक खुर्ची दाखवली, पाठीवर नटाचं नाव. पाच तासांहून जास्त वेळ, २७ नावं. पॅट्रिक स्टुअर्ट, इयन मॅकलन, चॅनिंग टेटम. जगभर लोक खुर्च्यांकडे बघत बसले. श्रोतेहो, त्यातल्या बहुतेक खुर्च्या रिकाम्याच होत्या! चित्रपटाची तारीख १ मे २०२६वरून १८ डिसेंबर २०२६वर ढकलली गेली. दूध तापायलाही वेळ हवा असतो. २००८च्या ‘आयर्न मॅन’साठी याच डाउनीला घ्यायला स्टुडिओ कचरत होता, जॉन फॅवरो या दिग्दर्शकानं हट्ट धरला म्हणून तो आयर्न मॅन झाला, हेही त्या टाळ्या वाजवणाऱ्यांनी आठवावं.

वाट पाहण्यातला आनंद हिरावून घ्यायचा नाहीये. ‘एंडगेम’साठी मुंबईत काही चित्रपटगृहांनी रात्रभर खेळ लावले होते. ‘स्पायडर-मॅन: नो वे होम’ डिसेंबर २०२१मध्ये आपल्याकडे अमेरिकेच्या एक दिवस आधी लागला, पोरं पहाटे रांगेत उभी होती. त्या चित्रपटात आपण नाही, असं आधीचा स्पायडर-मॅन अँड्र्यू गारफिल्ड महिनोन्‌महिने सांगत राहिला. तो पडद्यावर आला तेव्हा शिट्ट्यांनी पुढचे संवाद ऐकू येईनात. झाकण न उघडलेल्यांना मिळालेलं ते दही. नाव ऐकून निकाल देऊ नये म्हणतात ते यासाठीही.

एक अवघड प्रकरण राहिलं, आणि घड्याळ पुढे गेलं आहे. चॅडविक बोसमन. ‘ब्लॅक पँथर’चा टचाला. ऑगस्ट २०२०मध्ये ४३व्या वर्षी कर्करोगानं गेला, आजार त्यानं जाहीर होऊ दिला नव्हता. टचालाच्या जागी दुसरा नट घ्यायचा नाही, असं मार्व्हलनं ठरवलं. अनेक चाहत्यांनी उलट मागणी केली, की माणूस गेला तरी राजा जगू द्या, काळ्या मुलांना तो राजा हवा आहे. दोन्ही बाजूंना प्रेमच होतं. २०२२च्या ‘वाकांडा फॉरेव्हर’मध्ये दिग्दर्शक रायन कूगलर यांनी टचालाचा मृत्यूच कथेत आणला, बहिणीला ब्लॅक पँथर केलं. त्या चित्रपटापुरता तो निर्णय योग्य होता. नट नुकताच गेलेला, त्याच्याबरोबर काम केलेली माणसं सेटवर रडत होती. पण भूमिका कायमची मिटवावी का, हा प्रश्न त्यानं सुटत नाही. एकाच भूमिकेत नट बदलत गेल्याचं बेलवलकरांचं उदाहरण इथेच खरं लागू पडतं, आणि त्याच्या खोलात जायला आता…

वेळ संपत आली. ‘वाकांडा फॉरेव्हर’च्या शेवटी टचालाचा लहान मुलगा दिसतो, त्याचंही नाव टचालाच. मोठेपणी त्याचं काम कोण करणार याचे तर्क सुरू झाले आहेत. नाव जाहीर होईल त्या दिवशी त्या नटाचे जुने चित्रपट उकरून काढण्याआधी पटकथा कोण लिहितंय आणि दिग्दर्शक कोण आहे, तेवढं विचारा. नटाबद्दल चित्रपट पाहून आल्यावर लिहा, हवं तेवढं कडक लिहा.